तलाव बदलला, घड्याळ तेच

प्रिय चिऊ,



तुझा निरोप मिळाला. इंडियानातल्या थंडीत, अभ्यासाच्या धबडग्यातही तू पहाटे उठून तलाव गाठतेस, यातच मला सगळं मिळालं. बाकी सगळं नंतर, आधी तुझ्या त्या वाक्याबद्दल लिहिते: ‘मावशी, माझे शंभर आता १:३४ ला येतात, अकरा सेकंदांनी सुधारले!’ पुण्यात आपल्या क्लबच्या २५ मीटरच्या टँकमध्ये तू १० × १०० चा सेट २ मिनिटांच्या इंटरव्हलवर करायचीस आणि १:४५ ला भिंतीला हात लागायचा. आता त्याच सेटला १:३४. तुझा आनंद खराच आहे, त्यातली मेहनतही खरी आहे. पण तुला समुद्रातून गेटवेपर्यंत पाच किलोमीटर पोहायचंय, आणि त्या पाण्यात हा आकडा जसाच्या तसा घेऊन उतरलीस तर तो तुला अर्ध्या वाटेवर दमवेल. म्हणून हे लांबलचक पत्र.

तुझ्या विद्यापीठाचा तलाव २५ यार्डांचा आहे. आपल्या कापडाच्या दुकानातला वार तोच हा यार्ड, ३६ इंचांचा. १९५९ साली इंग्रजी मोजमापं वापरणाऱ्या देशांनी मिळून त्याची लांबी ०.९१४४ मीटर अशी कायमची ठरवून टाकली. म्हणजे तुझा टँक २२.८६ मीटरचा. पुण्यातल्यापेक्षा दर लेंथला २ मीटर १४ सेंटिमीटर कमी. शंभर यार्ड पोहून तू थांबतेस तेव्हा प्रत्यक्षात ९१.४४ मीटर झालेले असतात. साडेआठ मीटर पोहायचे राहिलेले असतात गं.

आता साधा हिशेब कर. पुण्यातल्या १:४५ चे १०५ सेकंद. त्यांना ०.९१४४ ने गुणलं की ९६ येतात. म्हणजे तू काहीही न सुधारता नुसती त्या टँकमध्ये उतरली असतीस, तरी १:३६ दिसले असते. अकरापैकी नऊ सेकंद तर तलावानेच दिले.

उरलेले दोन तरी तुझे का? तेही पूर्ण नाहीत, आणि इथेच बहुतेक जण फसतात. इंटरनेटवरचं कोष्टक घेऊन नुसत्या अंतराने भागतात: ९४ भागिले ०.९१४४, उत्तर १०२.८, म्हणजे १:४२.८. अंतराच्या दृष्टीने बरोबर आहे, पण पोहण्याच्या दृष्टीने नाही. कारण लेंथभर आपला वेग एकसारखा नसतो. भिंतीला पाय लावून ढकललंस की पहिले चार-पाच मीटर तू हातांनी कधीच पोहू शकणार नाहीस इतक्या वेगाने जातेस. तिथून वेग उतरत उतरत तुझ्या नेहमीच्या स्ट्रोकच्या वेगावर येतो आणि पुढच्या भिंतीपर्यंत तिथेच राहतो. दोन्ही तलावांत शंभराला टर्न तीनच. ढकलेचा फायदाही तेवढाच. मग यार्डांच्या तलावात जे २ मीटर १४ सेंटिमीटर कमी झाले ते कुठले? ढकलेचे नव्हेत. ते लेंथच्या शेवटचे, सगळ्यात संथ, निव्वळ हातापायांच्या जोरावरचे. तलावाने तुझं सोपं अंतर जसंच्या तसं ठेवलं आणि कापलं ते अवघड अंतर.

तुला भिंतीच्या मदतीशिवाय एक मीटर जायला साधारण १.१ सेकंद लागतो. म्हणजे राहिलेल्या ८.५६ मीटरना साडेनऊ सेकंदांच्या आसपास. ते ९४ मध्ये मिळव, वर शेवटी दमल्याचा थोडा भार धर. उत्तर १:४३ आणि १:४४ च्या मध्ये कुठेतरी येतं. अमेरिकेतले प्रशिक्षक वर्षानुवर्षं यार्डांची वेळ १.११ ने गुणून २५ मीटरची काढतात, १.०९३६ ने नाही, त्यामागचं कारण हेच. तुझ्या ९४ ला १.११ ने गुणलं की १०४.३ येतात, १:४४.३. पुण्यातल्या १:४५ पेक्षा जेमतेम पाऊण सेकंद कमी.

आणि तो पाऊण सेकंदही मी अजून तुझ्या नावावर लिहीत नाही. नीट बघ. पुण्यात २ मिनिटांचा इंटरव्हल आणि १:४५ चं पोहणं, म्हणजे विश्रांती १५ सेकंदांची. तिथेही तू इंटरव्हल दोनचाच ठेवलास आणि १:३४ पोहलीस. विश्रांती झाली २६ सेकंदांची. हा सेटच बदलला. दम टिकवायला शिकवणारा सेट होता, तो ताजंतवानं होऊन वेगाने पोहायचा सेट झाला. दोन्ही प्रकारचे सेट लागतात, पण पाच किलोमीटरची तयारी पहिल्या प्रकाराने होते. म्हणून पोहण्याची वेळ बदलण्याआधी इंटरव्हल बदल. १२० ला ०.९१४४ ने गुणलं की ११० येतात, म्हणजे १:५० वर निघ. आणि दहाऐवजी अकरा शंभर कर. अकराशे यार्ड म्हणजे १००६ मीटर, आणि १:५० च्या हिशेबाने एकूण वेळ २० मिनिटं १० सेकंद. पुण्यातला तुझा दहाचा सेट २० मिनिटांचाच होता. अंतर जुळलं, वेळ जुळली, दम लागायचा तेवढाच लागेल. दहाला अकरा, एवढं लक्षात ठेवलंस तर बहुतेक सेटना कोष्टक लागणारच नाही.

दोनशे मीटरच्या जागी २१८.७ यार्ड भरतात. काही जण त्यासाठी २२५ पोहतात. तसं करू नकोस. २२५ म्हणजे नऊ लेंथ, तू पलीकडच्या टोकाला जाऊन थांबशील आणि पेस क्लॉक राहील इकडे. दोनशे यार्डच पोह, आवर्तनं वाढव.

पेस क्लॉकवरून आठवलं. भिंतीवरचं ते चार रंगांच्या काट्यांचं घड्याळ असेल तर तेच वापर. मनगटावरच्या घड्याळाची गंमत अशी की ते अंतर मोजत नाही, लेंथ मोजतं आणि तू भरलेल्या तलावाच्या लांबीने गुणतं. इकडून जाताना त्यात २५ मीटर भरलेले होते. तू ते बदललंस का, ते आधी तपास. बदललं नसशील तर ते रोज तुला हजाराला ८६ मीटर फुकटचे लिहून देतंय आणि शंभराचा पेसही त्याच प्रमाणात चांगला दाखवतंय. घड्याळ जो स्वोल्फचा आकडा देतं, म्हणजे एका लेंथचे सेकंद अधिक स्ट्रोक, तोही दोन तलावांत एकमेकांशी लावायचा नाही. लेंथच लहान असेल तर आकडा लहान येणारच.

पण स्ट्रोक मोजायचं सोडू नकोस, तो फार प्रामाणिक साक्षीदार आहे. क्लबमध्ये तुझे फ्रीस्टाइलचे लेंथला २२ स्ट्रोक व्हायचे. ढकलेचे पाच मीटर सोडले तर २० मीटरला २२. तिथे ढकल सोडून १७.८६ मीटर उरतात, म्हणजे १९ ते २० स्ट्रोक व्हायला हवेत. २० होत असतील तर तुझा हात पूर्वीसारखाच पाणी धरतोय. २२ होत असतील तर १:३४ ची वेळ तू हात भरभर फिरवून काढतेयस आणि मला ती नको. १८ होत असतील तर मात्र लगेच फोन कर, कारण ती खरी सुधारणा आहे आणि घड्याळात ती अजून उमटायची आहे.

बॅकस्ट्रोकला एक जपायचं. भिंतीअलीकडे टांगलेल्या झेंड्यांच्या दोरीवरून आपण टर्नचे स्ट्रोक मोजतो. मीटरच्या तलावात ती दोरी भिंतीपासून ५ मीटरवर असते, यार्डांच्या तलावात ५ यार्डांवर, म्हणजे ४.५७ मीटरवर. ४३ सेंटिमीटरचा फरक, अर्ध्या स्ट्रोकएवढा. जुन्या सवयीने मोजत राहिलीस तर डोकं आपटेल. पहिल्याच दिवशी सावकाश पोहून स्ट्रोक पुन्हा मोजून घ्यायचे असतात. मोजले नसतील तर उद्याच मोज.

तू विचारलंस की सगळं जग मीटरमध्ये पोहत असताना अमेरिकेत यार्ड का टिकले. तिथल्या शाळा-महाविद्यालयांचे तलाव ७५ फूट लांबीचे बांधले गेले आणि शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धा म्हणजे तिथल्या पोहण्याचा कणा. सिमेंटचा तलाव दोन मीटरने वाढवता येत नाही. महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धा २००० आणि २००४ या दोन ऑलिम्पिक वर्षांत २५ मीटरवर घेऊन पाहिल्या, पुन्हा यार्डांवर आल्या. एके काळी ऑस्ट्रेलियातही यार्डांच्या शर्यती व्हायच्या. ऑस्ट्रेलियाच्या डॉन फ्रेझरने १९६२ साली बायकांच्या शंभराला पहिल्यांदा एका मिनिटाच्या आत आणलं, ५९.९ सेकंद, ते ११० यार्डांच्या शर्यतीत. ११० यार्ड म्हणजे १०० मीटरपेक्षा ५८ सेंटिमीटर जास्तच. मला तिचा तो विक्रम म्हणूनच जास्त मोठा वाटतो.

भिंत किती देते हे पाहायचं तर तुझ्या शहरापासून जवळच घडलेली गोष्ट घे. केटी लेडेकी मे २०१८ मध्ये इंडियानापोलिसच्या ५० मीटरच्या तलावात १५०० मीटर पोहली, १५:२०.४८ मध्ये, विश्वविक्रमच तो. त्याआधी काही महिने, नोव्हेंबर २०१७ मध्ये, ती १६५० यार्ड पोहली होती १५:०३.३१ मध्ये. १६५० यार्ड म्हणजे १५०८.७६ मीटर. अंतर जवळजवळ नऊ मीटर जास्त, आणि वेळ १७ सेकंद कमी! ५० मीटरच्या तलावात तिला २९ टर्न मिळाले, २५ यार्डांच्या तलावात ६५. छत्तीस टर्न जास्त. नऊ मीटरना तिचे पाच-साडेपाच सेकंद धरले, तर एकेका जादा टर्नने तिला सहा दशांश सेकंदांच्या आसपास दिलं. दोन वेगळ्या दिवसांचं पोहणं आहे, त्यामुळे हा अंदाजच. पण २५ मीटरवरून ५० मीटरची वेळ काढताना फ्रीस्टाइलला दर पन्नासमागे ०.८ सेकंद मिळवायचे, हा जो अमेरिकेतला रूढ ठोकताळा आहे, त्याच्या जवळ तो येतो. दर पन्नासमागे एक टर्न कमी, त्याची ती किंमत. ब्रेस्टस्ट्रोकला ही किंमत सगळ्यात जास्त, कारण टर्ननंतरचा पाण्याखालचा लांब पुलआउट.

कॅलेब ड्रेसेलचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०१८ मध्ये त्याने शंभर यार्ड ३९.९० मध्ये मारले. चाळीसच्या आत येणारा तो पहिलाच. निव्वळ अंतराने गुणलं तर शंभर मीटरचे ४३.६४ होतात. ५० मीटरच्या तलावात त्या वेळेच्या आसपासही जगात कुणी पोहोचलेलं नाही. पॅन झानलेचा पॅरिस ऑलिम्पिकमधला विक्रम ४६.४० चा आहे. खुद्द ड्रेसेल पुढच्याच वर्षी ग्वांगजूला पोहला ४६.९६. ड्रेसेलचा स्टार्ट आणि पाण्याखालची किक ही त्याची मोठी ताकद, म्हणून लहान तलाव त्याला भरभरून देतो. ज्याचा टर्न जेमतेम त्याला तोच तलाव तेवढं देत नाही. सगळ्यांना एकच गुणक लावणारी कोष्टकं म्हणूनच एका माणसापुरती कधीच खरी नसतात. अमेरिकेच्या ऑलिम्पिक निवड चाचणीला पात्र व्हायचं तर ५० मीटरच्या तलावातलीच वेळ दाखवावी लागते, यार्डांवरून काढलेली चालत नाही. जिथे दशांश सेकंदावर कुणाचं आयुष्य ठरतं, तिथे त्यांनी गुणाकारावर विश्वास ठेवलेला नाही.

तेव्हा तुझा गुणक तूच काढायचा. तुझ्या तलावाचा फोटो पाहिला. तो एका बाजूने ५० मीटर आणि रुंदीला २५ यार्ड, तिकडे नेहमी आढळतो तसाच दिसतोय. उन्हाळ्यात तिथे लांबीच्या लेन लावतात का, कोणत्या वेळी, हे विचारून ठेव. मग एकाच आठवड्यात, सारखीच झोप आणि सारखंच खाणं झालेलं असताना, दोन्हीकडे तीच परीक्षा दे: चांगला वॉर्मअप, भिंतीवरून ढकलून चारशे सगळा जोर लावून, दहा मिनिटं हलकं पोहणं, मग दोनशे सगळा जोर लावून. चारशेच्या वेळेतून दोनशेची वजा करायची आणि दोनने भागायचं. येतो तो शंभराचा पेस तू दीर्घकाळ टिकवू शकतेस. सुरुवातीच्या उसळीचा बराचसा भाग त्या वजाबाकीत निघून जातो, म्हणून ही परीक्षा मला आवडते. समजा यार्डांत चारशे ६:२२ ला आले आणि दोनशे ३:०४ ला. फरक १९८ सेकंद, निम्मे ९९. टिकणारा पेस शंभर यार्डांना १:३९. बघ, १:३४ नाही. मधले पाच सेकंद त्या २६ सेकंदांच्या विश्रांतीने दिलेले होते.

आता समुद्राकडे येऊ. सन्क रॉक ते गेटवे, पाच किलोमीटर. तुझ्या तलावात हेच अंतर म्हणजे २१९ लेंथ आणि २१८ टर्न. दर टर्नला अर्धा सेकंद जरी मिळत असला तरी पावणेदोन मिनिटांहून जास्त होतात, आणि मला त्या मिनिटांची काळजी नाही. काळजी आहे ती दर टर्नला हातांना मिळणाऱ्या त्या एक-दोन सेकंदांच्या सुटकेची. दर २३ मीटरला खांदे क्षणभर मोकळे होतात, शरीर ताणून सरळ होतं, पायांवर भार जातो. समुद्रात हे एकदाही होत नाही. पोहणाऱ्यांचे खांदे तिसऱ्या किलोमीटरनंतर भरून येतात ते याच कारणाने, त्यांचा दम अजून शिल्लक असतो.

आणि पेसचं गणित चुकलं तर काय होतं ते पाहा. १:३४ हा मीटरचा पेस समजून पाच किलोमीटरला लावलास तर १ तास १८ मिनिटं येतात. ५० मीटरच्या हिशेबाने, म्हणजे १:४४.३ अधिक १.६, सुमारे १:४६ धरून, १ तास २८ मिनिटं. दहा मिनिटांची तफावत. तीही विश्रांतीच्या जिवावरचा आकडा धरून. टिकणारा पेस धरलास तर वेळ आणखी वाढते. लाटा, डोकं वर काढून दिशा पाहणं, भरती-ओहोटीचा प्रवाह हे सगळं वेगळंच. सव्वा तासाच्या वेगाने जी सुरुवात करते ती पाऊण तासात रिकामी होते. मी किनाऱ्यावर उभी राहून अशा मुली-मुलांना बोटीत घेताना पाहिलंय. सगळे चांगले पोहणारे होते. तुझ्या बाबतीत मला ते पाहायचं नाही.

म्हणून आठवड्यातून एक दिवस तरी लांब लेनवर पोह. ती मिळेपर्यंत यार्डांच्या तलावात एक उपाय कर: भिंतीला न शिवता, तळावरच्या टी-खुणेवरच वळून परत फिर, ढकल घेऊ नकोस. लेन रिकामी असेल तेव्हाच, नाहीतर मागच्याची अडचण होते. वेळ वाईट दिसेल, दिसू दे. इकडे सुट्टीत आलीस की आपण बालेवाडीच्या ५० मीटरच्या तलावात दोन सकाळी काढू, तुझ्या यार्डांच्या आकड्यांना तिथे तपासू. मी घड्याळ घेऊन वर उभी राहीन.

यार्डांच्या तलावाबद्दल मात्र मन कडू करून घेऊ नकोस. जगातले कितीतरी उत्तम पोहणारे तिथेच घडलेत. फ्रान्सचा लिऑन मारशाँ ॲरिझोनात यार्डांच्या तलावात सराव करायचा आणि २०२३ मध्ये फुकुओकाला ५० मीटरच्या तलावात ४०० मीटर मिडलेचा मायकेल फेल्प्सचा विक्रम त्याने मोडला, ४:०२.५०. लहान तलाव टर्न शिकवतो, पाण्याखालचं पोहणं शिकवतो, वेगाची सवय लावतो. तुझे फ्लिप टर्न इकडे नेहमी आळशी होते. तिथे दुप्पट निगुतीने करून घे. फक्त त्या तलावाचे आकडे त्या तलावापुरते ठेव. यार्डांतल्या वेळेची तुलना गेल्या महिन्यातल्या यार्डांतल्या वेळेशी कर. तिथे ती १:३४ वरून १:३२ झाली, इंटरव्हल आणि स्ट्रोक तेच असताना, तर ते दोन सेकंद सगळे तुझेच.

वहीत तीन रकाने आख: २५ यार्ड, २५ मीटर, ५० मीटर. ज्या तलावात पोहशील त्याच रकान्यात लिही, बाजूला इंटरव्हल आणि स्ट्रोक लिही, गुणाकार करून दुसऱ्या रकान्यात काही भरू नकोस. येत्या शनिवारी चारशे आणि दोनशेची परीक्षा दे आणि दोन्ही वेळा मला पाठव. गेटवेसाठीचं पुढच्या बारा आठवड्यांचं वेळापत्रक मी त्या आकड्यांवरूनच बनवणार आहे, तेव्हा टाळू नकोस.

तुझी,
मावशी